साथ : वॉर्सा घेट्टोतील आरोग्य, मृत्यू आणि लेखन

(अकादमीच्या व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



यंदाच्या व्याख्यानमालेचे सूत्र ‘आपत्ती आणि साहित्य’ असे आहे. या सूत्राला धरून दुष्काळावर बोलता आले असते, फाळणीवर बोलता आले असते. मी निवडला आहे तो एका शहरातला जेमतेम तीन चौरस किलोमीटरांचा तुकडा : दुसऱ्या महायुद्धातला वॉर्सा शहराचा ज्यू घेट्टो. त्यातही नोव्हेंबर १९४० ते जुलै १९४२ हे वीस महिने. एप्रिल १९४३ मधला घेट्टोचा सशस्त्र उठाव आपल्याला चित्रपटांतून आणि कादंबऱ्यांतून थोडाफार ठाऊक असतो. त्याआधी तिथे रोज काय चालले होते, लोक कशाने मरत होते आणि त्या मरणाला कोण कसे तोंड देत होते, हे मात्र फार कमी सांगितले जाते.

साहित्य शिकवणाऱ्या बाईने सार्वजनिक आरोग्यावर का बोलावे, असा प्रश्न सभागृहातल्या एखाद्या डॉक्टरांच्या मनात येऊ शकतो. माझ्याकडे त्याची तीन उत्तरे आहेत. पहिले असे की, त्या वस्तीत ‘आरोग्य’ आणि ‘साथ’ हे शब्द माणसांना कोंडण्यासाठी वापरले गेले. शब्दांच्या वापरावर लक्ष ठेवणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे. दुसरे असे की, जे तिथे मरत होते त्यांनीच आपल्या मरणाची नोंद ठेवली. तक्ते, अहवाल, निबंध, दैनंदिनी असा हजारो पानांचा मजकूर त्यांनी मागे ठेवला, आणि तो वाचणे हाही साहित्याचाच अभ्यास आहे. तिसरे उत्तर आपल्या स्वतःच्या आठवणींशी जोडलेले आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

पोलंड आपल्यापासून फार दूर आहे, असेही मानायचे कारण नाही. सोव्हिएत प्रदेशातून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी राहिले. त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना तिथे होता. त्या युद्धाचे एक टोक असे मराठी मुलखात येऊन टेकले होते.

आता मूळ विषय.

युद्धापूर्वी वॉर्सात सुमारे पावणेचार लाख ज्यू राहत होते. शहराच्या लोकसंख्येत ते जवळजवळ एक तृतीयांश होते. जगात न्यूयॉर्कखालोखाल सर्वांत मोठी ज्यू वस्ती हीच. सप्टेंबर १९३९ च्या अखेरीस शहर जर्मनांच्या हाती गेले. १९४० च्या वसंतात शहराचा काही भाग साथीचा म्हणून जाहीर झाला, तिथे तशा पाट्या लागल्या आणि भिंत बांधायला सुरुवात झाली. त्या भिंतीचा खर्च ज्यूंच्याच मंडळाकडून वसूल केला गेला. ऑक्टोबरमध्ये हुकूम निघाला आणि १६ नोव्हेंबर १९४० ला दरवाजे बंद झाले. शहराची तीस टक्के माणसे शहराच्या अडीच टक्क्यांहून कमी जागेत कोंडली गेली.

भाषेच्या अभ्यासकाने इथे थोडे थांबायला हवे. जर्मन कागदपत्रांत या जागेला ‘ज्यू निवासी विभाग’ असे सौम्य नाव होते. आपल्याकडच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे वाटावे असे. भिंत कशासाठी, याचे अधिकृत कारण आरोग्याचे होते : टायफसची साथ शहरात पसरू नये म्हणून. भिंतींवर जी भित्तिपत्रके लागली, त्यांत तीन शब्द एका रांगेत मांडलेले होते : ज्यू, उवा, टायफस. मध्ये क्रियापद नाही, की कार्यकारणाचा संबंध नाही. तीन नामे शेजारी ठेवली की वाचणारा उरलेले वाक्य मनातल्या मनात पुरे करतो. प्रचाराच्या भाषेचे हे तंत्र आपण वर्गात शिकवतो. इथे त्याची किंमत माणसांच्या जिवात मोजली गेली. ज्या समाजाला रोगाचे दुसरे नाव दिले जात होते, त्याच समाजातला ओडेसाचा वाल्देमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करून गेला होता, आणि १० जानेवारी १८९७ ला त्याने ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती, हेही आपल्याला विसरता येत नाही.

टायफस म्हणजे विषमज्वर नव्हे. नावातल्या साम्यामुळे आपल्याकडे नेहमी गल्लत होते. विषमज्वर दूषित पाण्या-अन्नातून येतो. हा टायफस कपड्यांच्या शिवणींत राहणाऱ्या उवांमधून येतो. आजारी माणसाचे रक्त प्यालेली ऊ दुसऱ्याच्या अंगावर जाते, तिच्या विष्ठेत रोगाचे जंतू असतात, आणि माणूस खाजवतो तेव्हा ते त्वचेतून आत जातात. उवेला ना फार तापलेले अंग चालते, ना गार पडलेले. त्यामुळे रुग्ण तापाने फणफणला किंवा मेला की ती शेजारच्या अंगावर जाते. या रोगापासून वाचायला फार मोठे शास्त्र लागत नाही. अंग धुवायला साबण, कपडे उकळायला कोळसा, बदलायला दुसरा जोड आणि झोपायला थोडी मोकळी जागा, एवढे पुरते. घेट्टोत नेमके हेच चार पदार्थ नव्हते. एका खोलीत सरासरी सात माणसे राहत. आसपासच्या गावांतून हाकलून आणलेले लाखाहून अधिक निर्वासित होते. शाळा, प्रार्थनामंदिरे, बंद कारखाने अशा जागांत त्यांची सोय लावली होती. कित्येकांनी आपले कपडे पावासाठी विकून टाकले होते.

आता खाण्याचे पाहू. १९४१ मध्ये वॉर्सातल्या जर्मन माणसाला शिधापत्रिकेवर दिवसाला सुमारे २६०० उष्मांकांचे अन्न मिळे. घेट्टोतल्या ज्यू माणसाला १८४ उष्मांकांचे. म्हणजे साधारण दोन पोळ्यांएवढे, दिवसभरात. एवढ्यावर माणूस जगत नाही, हे शिधा ठरवणाऱ्यांना ठाऊक होते. लोक जगले ते चोरट्या मार्गाने येणाऱ्या धान्यावर. भिंतीतल्या फटींतून, गटारांतून, ट्रामच्या डब्यांतून माल येई, आणि तो आणणाऱ्यांत सात-आठ वर्षांची मुले पुष्कळ होती, कारण लहान अंगच फटीतून जाऊ शके. हेन्रिका वाझोव्हेर्ट या कवयित्रीने अशाच एका लहान तस्करावर कविता लिहिली आणि ती घेट्टोत लोकांच्या तोंडी होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये परवानगीशिवाय भिंतीबाहेर जाण्याला मृत्युदंड जाहीर झाला. तरी मुले जात राहिली.

घेट्टोतल्या मंडळींनीच १९४१ च्या अखेरीस केलेल्या पाहणीत प्रत्यक्ष खाणे सरासरी अकराशे उष्मांकांच्या आसपास निघाले. पण सरासरी हा फसवा शब्द आहे. मंडळाच्या नोकरांना सोळाशेहून अधिक, तर निर्वासितांना आठशेच्या आसपास असा तो फरक होता. ज्याच्याजवळ विकायला काही होते तो उशिरा मेला. ज्याच्याजवळ काही नव्हते तो आधी मेला. घेट्टोच्या नोंदींत ही असमानता झाकलेली नाही. आपल्याच माणसांबद्दलचे हे कडू सत्य त्यांनी लिहून ठेवले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

जानेवारी १९४१ मध्ये घेट्टोत सुमारे ९०० मृत्यू नोंदले गेले. ऑगस्टमध्ये साडेपाच हजारांहून अधिक. त्या एका वर्षात ४३,००० हून अधिक माणसे मेली. दर दहांमागे एक. जुलै १९४२ पर्यंतचा एकूण आकडा ऐंशी हजारांपलीकडे जातो. हे कोणी गोळ्या घालून मारलेले नव्हते. भूक, टायफस, क्षय आणि थंडी यांनी ती माणसे मेली, आणि मृत्यूच्या दाखल्यावर तशीच नैसर्गिक वाटणारी कारणे लिहिली गेली. भिंत हे कारण लिहायला दाखल्यावर रकाना नव्हता.

साथ रोखण्याच्या नावाने जे अधिकृत उपाय झाले, त्यांनी काय साधले? एखाद्या घरात रुग्ण सापडला की सगळी इमारत दोन-तीन आठवडे बंद. म्हणजे बाहेर जाऊन कमावणे बंद, आणि म्हणून उपासमार. रहिवाशांना सामुदायिक स्नानगृहात नेत. थंडीत तासन् तास उघडे उभे राहावे लागे. कपडे वाफेच्या भट्टीतून यायचे ते कधी जळालेले, कधी तसेच उवांनी भरलेले. घरातल्या वस्तू दरम्यान नाहीशा झालेल्या. लाच दिली तर हे सारे टळे. याचा परिणाम काय होणार? लोक रुग्ण लपवू लागले. खरे रुग्ण नोंदलेल्यांच्या कित्येक पट होते. एकूण लागण लाखाच्या घरात गेली असावी, असा अंदाज आहे.

रुग्ण लपवणे हे शब्द ऐकताच मराठी माणसाला १८९७ चे पुणे आठवते. प्लेग कमिटीचे सोजीर घराघरांत घुसत होते, देवघरे-माजघरे धुंडाळत होते, आणि लोक आजाऱ्यांना माळ्यावर, कोठीच्या खोलीत दडवत होते. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे सर्वांना माहीत आहे. दोन्ही प्रसंगांची तुलना जपून करावी लागते. पुण्यात राज्यकर्त्यांना साथ खरोखरच थांबवायची होती. त्यांची रीत निर्दय आणि अपमानकारक होती. वॉर्सात आधी भिंत घालून साथीला लागेल ती सगळी सामग्री पुरवली गेली, आणि मग त्याच साथीकडे बोट दाखवून भिंतीचे समर्थन केले गेले. पण दोन्हीकडे एक नियम सारखाच दिसतो : ज्या उपायाची रोगापेक्षा अधिक भीती वाटते, तो उपाय रोग वाढवतो. साथ आटोक्यात यायची तर लोकांचा विश्वास लागतो, आणि विश्वास हुकमाने निर्माण होत नाही.

म्हणून घेट्टोच्या आतून जे प्रयत्न झाले त्यांची गोष्ट सांगायला हवी. इथे मला लुडविक हिर्शफेल्ड यांचे नाव घ्यायचे आहे. रक्तगट आनुवंशिक असतात हे दाखवणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी ते एक. आपण आज ए, बी, ओ म्हणतो, त्या नावांच्या प्रचारातही त्यांचा वाटा आहे. पहिल्या महायुद्धात ते आणि त्यांच्या पत्नी हान्ना, दोघेही डॉक्टर, सर्बियातल्या टायफसच्या साथीत काम करायला आपणहून गेले होते. पुढे सालोनिकाच्या आघाडीवर त्यांनी निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत भारतीय सैनिकही होते, आणि बी गटाचे प्रमाण भारतीयांत विशेष जास्त असल्याचे त्यांच्या १९१९ च्या निबंधात आले. हे हिर्शफेल्ड जन्माने ज्यू, धर्माने कॅथलिक. १९४१ च्या सुरुवातीला त्यांनाही घेट्टोत टाकण्यात आले. तिथे त्यांनी आरोग्य परिषदेचे काम पाहिले, टायफसवर व्याख्याने दिली, विद्यार्थ्यांना शिकवले.

हे शिकवणे कुठे चालले होते? ज्यूंना उच्च शिक्षण बंद होते. पण साथीला जर्मन अधिकारी भीत होते. याचा फायदा घेऊन युलियुश त्स्वायबाउम या शरीररचनेच्या अभ्यासकाने ‘साथनिवारणाचा अभ्यासक्रम’ काढण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाली. १९४१ च्या वसंतात वर्ग सुरू झाले. कागदावर तो आरोग्यसेवकांचा लहानसा अभ्यासक्रम होता. प्रत्यक्षात तिथे वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास शिकवला जात होता. सुमारे पाचशे विद्यार्थी संध्याकाळी, अपुऱ्या उजेडात, पोटात काही नसताना शरीररचना आणि रसायनशास्त्र शिकत होते. त्यांतले फार थोडे वाचले. वाचलेल्यांपैकी काही युद्धानंतर खरोखर डॉक्टर झाले.

ज्या ‘साथ’ या शब्दाने भिंत उभी केली, त्याच शब्दाच्या आडोशाने भिंतीच्या आत वैद्यकीय शाळा उघडली गेली. आपल्या मराठीत तर ‘साथ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. रोगाची साथ येते आणि माणूस माणसाला साथ देतो. घेट्टोतला वीस महिन्यांचा झगडा मला या दोन अर्थांमधला वाटतो.

दुसऱ्या अर्थाची साथ तिथे कशी होती? हजाराहून अधिक इमारतींत रहिवाशांच्या समित्या होत्या. त्या जिन्यांची, अंगणांची, संडासांची स्वच्छता पाहत. आजाऱ्यांची चौकशी करत. घरटी वर्गणी काढून गरिबांना सूप देत. आरोग्यावर व्याख्याने होत आणि त्यांना गर्दी असे. भिंतीबाहेरून टायफसची लस चोरून आणली जाई. ही लस ल्वूव शहरात रुडोल्फ वायगल हे शास्त्रज्ञ बनवत; त्यासाठी उवांना जिवंत माणसांच्या पायावर पोसावे लागे. पण चोरट्या लशीची किंमत इतकी असे की ती थोड्यांनाच परवडे.

मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. ऑक्टोबर १९४१ मध्ये साथ शिगेला पोचली होती. हिवाळा तोंडावर होता. थंडीत माणसे एकमेकांना चिकटून राहतात, कपडे अंगावेगळे करत नाहीत, आणि म्हणून टायफस वाढतो. तो तेव्हा दुपटी-तिपटीने वाढायला हवा होता. नोव्हेंबरपासून तो उतरू लागला. समकालीन डॉक्टरांनाही याचे आश्चर्य वाटले होते. २०२० मध्ये ल्युई स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती प्रतिमानाच्या आधारे हा प्रश्न पुन्हा तपासला. लागण होण्याजोगी माणसे संपली म्हणून साथ थांबली असे आकडे सांगत नाहीत. लोकांनी केलेल्या प्रयत्नांनी, म्हणजे स्वच्छता, शिकवण, अन्नछत्रे आणि एकमेकांपासून जपून राहणे यांनी ती थांबली असण्याचा संभव अधिक, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अशा प्रतिमानांवर मतभेद राहणारच. पण ज्या वस्तीत साबण नव्हता तिथे साथ ओसरली, एवढे तरी नोंदी स्पष्ट दाखवतात.

टायफस उतरला तरी भूक होतीच. फेब्रुवारी १९४२ मध्ये घेट्टोतल्या डॉक्टरांनी ठरवले की भुकेचाच अभ्यास करायचा. आरोग्य विभागाचे प्रमुख इझ्राएल मिलेयकोव्स्की यांच्या पुढाकाराने अठ्ठावीस डॉक्टरांचे पथक झाले. औषध देऊन हा रोग बरा होणार नव्हता, कारण त्याचे औषध भाकरी हे होते. तेव्हा निदान शरीरात काय घडते ते नीट मोजून ठेवावे, असा विचार त्यामागे होता. उपकरणे चोरून आणली गेली. मोठ्यांच्या रुग्णालयात आणि मुलांच्या रुग्णालयात निरीक्षणे सुरू झाली. मुलांच्या रुग्णालयाच्या प्रमुख आना ब्राउडे-हेलेर होत्या. वजन, नाडी, रक्तदाब, रक्तातली साखर, अंगावरची सूज, डोळ्यांतले बदल सगळे लिहिले गेले. नाडी मंदावते, शरीर थंड पडते, क्षय असूनही त्याची त्वचेवरची चाचणी नकारात्मक येते, अशा गोष्टी त्यांनी टिपल्या. तपासणारे स्वतःही अर्धपोटी होते. रुग्णाच्या तक्त्यात जी लक्षणे भरायची, ती त्यांना आपल्याच अंगावर दिसत होती.

२२ जुलै १९४२ ला घेट्टोतून माणसे मृत्युछावणीत नेण्यास सुरुवात झाली आणि अभ्यास थांबला. उरलेल्या डॉक्टरांनी दफनभूमीच्या आवारातल्या एका इमारतीत गुपचूप जमून हस्तलिखित पुरे केले. ते भिंतीबाहेर एका पोलिश प्राध्यापकांकडे पोचवले गेले आणि १९४६ मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. मिलेयकोव्स्की तोवर राहिले नव्हते. पथकातल्या बहुतेकांची तीच गत झाली. भुकेच्या शरीरशास्त्रावर आजही त्या पुस्तकाचा आधार घेतला जातो.

मित्रहो, मी या पुस्तकाला साहित्य म्हणावे की नाही, याबद्दल मनाशी वाद घालत असते. त्यात उपमा नाही, आक्रोश नाही. ‘रुग्ण’ या शब्दाच्या जागी ‘आम्ही’ लिहिता आले असते. त्यांनी ते टाळले. हा संयम मला कित्येक शोकगीतांपेक्षा जास्त बोलका वाटतो. वेदना सांगताना भाषा किती शांत ठेवता येते, हे ज्याला शिकायचे असेल त्याने वैद्यकाचे हे तक्ते अवश्य वाचावेत.

दुसरी नोंद इतिहासकारांची. एमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांचे सहकारी दर शनिवारी गुप्तपणे जमत, म्हणून त्यांनी आपल्या मंडळाला ‘शब्बाथचा आनंद’ असे नाव घेतले होते. त्यांनी काय गोळा केले? हुकुमांच्या प्रती, शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, चॉकलेटचे कागद, शाळकरी मुलांचे निबंध, अन्नछत्रांचे हिशेब, निर्वासितांच्या जबान्या. यिडिश, पोलिश, हिब्रू, जर्मन जी भाषा ज्याची, तिच्यात. त्यांतल्या राहेल आउअरबाख या लेखिका एक अन्नछत्र चालवत होत्या. पातळ सुपाने कोणीही वाचत नाही, मरण फक्त लांबते, हे त्यांना रोज दिसत होते, आणि तरीही त्या सूप वाढत राहिल्या आणि खायला येणाऱ्यांविषयी लिहीत राहिल्या. हे सगळे कागद लोखंडी पेट्यांत आणि दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये भरून एका शाळेच्या तळघरात पुरले गेले. सप्टेंबर १९४६ मध्ये पहिला साठा सापडला, डिसेंबर १९५० मध्ये दुसरा. मंडळातल्या पन्नास-साठ माणसांपैकी तिघे जगले. राहेल त्यांतल्या एक.

शिक्षकांच्या सभेत यानुश कोर्चाक यांच्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. बालरोगतज्ज्ञ, लेखक आणि अनाथाश्रमाचे संचालक असे तिन्ही ते होते. आश्रमातल्या मुलांची उंची आणि वजन ते वर्षानुवर्षे नियमाने लिहून ठेवत. घेट्टोतही मुलांची वजने घेणे चालूच राहिले, आणि तो काटा आता काय सांगत असेल याची आपण कल्पना करू शकतो. १८ जुलै १९४२ ला त्यांच्या मुलांनी आश्रमात एक नाटक केले. ते रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ होते.

‘डाकघर’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले आहे. आजारी अमल खिडकीशी बसला आहे. वैद्यांनी त्याला बाहेर जायला मनाई केली आहे, शरद ऋतूचे ऊन-वारेसुद्धा वर्ज्य सांगितले आहे. दहीवाला, पहारेकरी, फुले वेचणारी सुधा यांच्याशी तो खिडकीतूनच बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. शेवटी राजवैद्य येतो आणि सगळी दारे-खिडक्या उघडायला सांगतो. आरोग्याच्या नावाने कोंडलेल्या मुलाची ही गोष्ट, आरोग्याच्या नावाने कोंडलेल्या मुलांनी करून दाखवली. कोर्चाकांनी हेच नाटक का निवडले, याचे उत्तर म्हणून मुलांना मरणाकडे शांतपणे पाहता यावे, असे ते म्हणाल्याची आठवण सांगतात. चारच दिवसांनी माणसे नेण्यास सुरुवात झाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का आणि सुमारे दोनशे मुले ट्रेब्लिंकाला नेली गेली. स्वतःपुरती सुटका करून घेण्याची संधी कोर्चाकांना देऊ करण्यात आली होती. ती त्यांनी नाकारली.

सप्टेंबरपर्यंत अडीच लाखांहून अधिक माणसे त्या एका छावणीत मारली गेली. टायफसमधून बरे झालेले, लस मिळालेले, सुपावर तगलेले, बहुतेक सगळे. मग साथ रोखण्याचा तो सारा खटाटोप व्यर्थ होता का? मृत्यूचा तक्ता पाहिला तर होय म्हणावे लागेल. पण तक्ता शेवटची बेरीज सांगतो. ज्या आईचे मूल नोव्हेंबर १९४१ मध्ये टायफसमधून उठले, तिला जुलैपर्यंतचे आठ महिने मिळाले. त्या आठ महिन्यांना किती मोल द्यायचे, हे ठरवायचा अधिकार मारणाऱ्याला देता कामा नये. त्या डॉक्टरांनी, समित्यांतल्या बायकांनी, विद्यार्थ्यांनी तो दिला नाही, एवढे मी म्हणेन.

आता तिसऱ्या उत्तराकडे येते. आपले इंदूर शहरही युद्धकाळात साथीतून गेले आहे. पहिले महायुद्ध चालू असताना इथे प्लेगचा जोर होता. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस यांना बोलावले, आणि त्यांचा शहररचनेवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. दिवाळीच्या मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर काढून, आणि जे रस्ते स्वच्छ तिथूनच मिरवणूक जाईल असे जाहीर करून त्यांनी लोकांकडून शहर कसे साफ करवून घेतले, ही हकिगत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. हुकमाऐवजी उत्सवाची भाषा वापरली, म्हणून लोक पुढे आले. पण ज्या घरांतून लोक पुढे आले, त्या घरांचे स्वतःचे शब्द कुठे आहेत? पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई टिळकांनी प्लेगचे दिवस लिहिले, म्हणून ते आपल्याला दिसतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मराठी लेखनात त्याच्या खुणा शोधाव्या लागतात.

आणि २०२० - २१ चे काय? प्राणवायूच्या सिलिंडरसाठी पाठवलेले संदेश, सोसायटीच्या जेवणाच्या डब्यांच्या याद्या, मजूर कुटुंबांना वाटलेल्या शिध्याचे हिशेब, ऑनलाइन वर्गातल्या मुलांचे निबंध, स्मशानातल्या पावत्या अजून आपल्या घरांत, आपल्या फोनमध्ये आहेत. फोन बदलला की जातील. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतले तर कोणी मागायलाही येणार नाही. इथे बसलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, पुढच्या वर्षीचा प्रकल्प निवडताना आपापल्या मोहल्ल्यातली वीस घरे घ्या. घरच्यांची परवानगी घ्या, नावे झाकायची असतील तर झाका, पण तारखा नीट लिहा. कोणी कोणाला साथ दिली ते लिहा आणि कोणी दार लावून घेतले तेही लिहा. घरात मोडीतली जुनी पत्रे असतील तर तीही दाखवायला सांगा. इंदूरच्या प्लेगची एखादी ओळ त्यांत निघू शकेल. अकादमीने अशा नोंदींसाठी एक कपाट आणि या वार्षिकात काही पाने राखून ठेवावीत, अशी सूचना अध्यक्षांसमोर जाहीरपणे करते.